तू हद्द बदललीस तेव्हा

प्रतिभा, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. संचालकांनी माझं नाव दोनदा पुकारलं. मग कोणीतरी म्हणालं, त्यांना भरून आलंय, राहू द्या. सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या. मला भरून वगैरे काही आलं नव्हतं, मी रागात होते. समोर तुझा फोटो, त्याला हार, आणि एकामागून एक माणसं उठून सांगत होती की मॅडमनी आपला परिसर कार्बनमुक्त केला. प्रत्येक वेळी वाटे, उठावं आणि म्हणावं, नाही केला. पण तुझी आई पहिल्या रांगेत बसली होती, म्हणून गप्प राहिले.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मग मी कोणाशी भांडू? आपलं भांडण अर्धं राहिलंय. दीड महिना आपण एकमेकींशी अक्षर बोललो नाही आणि तीन दिवसांच्या तापात, नागपूरला नेता नेता, तू गेलीस. तू दवाखान्यात आहेस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी आले नाही. मनात म्हटलं, बरी होऊन येईल, मग तिनंच आधी बोलावं, चूक तिची आहे. त्या तीन दिवसांत मी घरी पापड केले. हे तुला सांगायला हवं म्हणून लिहिते.

आपली ओळख नागपूरच्या एम.एस्सी.च्या वर्गातली. तू वरठीची, वडील स्टीलच्या कारखान्यात. मी दिघोरीची, घरी धानाची शेती. वसतिगृहात एक खोली मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात तू माझं सगळं ठरवायला लागलीस. टपरीवर माझा चहा तूच सांगायचीस, साखर कमी. मला साखर जास्त लागते हे तुला वर्षभरानं कळलं, तेव्हाही म्हणालीस, तुले नाही समजत, कमीच पे. मुलाखतीला कोणती साडी नेसायची, कोणत्या दुकानातून चप्पल घ्यायची, सासूला काय उत्तर द्यायचं, सगळं तूच ठरवायचीस. मी कुरकुर करत ऐकायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. घरात मी थोरली, सगळ्यांचं ठरवून ठरवून कंटाळलेली. माझंही कोणी ठरवतंय याचं मला कौतुक होतं.

पुढे दोघी विद्यापीठाच्या याच परिसरात शिकवायला लागलो; तुझी नोकरी कायम झाली, मी तासिका तत्त्वावरच राहिले. दर उन्हाळ्यात माझं काम संपायचं आणि दर पावसाळ्यात तू संचालकांच्या दारात उभी राहून ते पुन्हा मिळवायचीस. माझी पोर झाली तेव्हा तर तू कमालच केलीस. दोन महिने माझे तास तू घेतलेस आणि मस्टरवर माझी सही तूच ठोकलीस, हुबेहूब, शेवटच्या वेलांटीसकट. मी बाळंतिणीच्या खाटेवर पडून हसले होते. तुझे ते उपकार मी विसरलेले नाही. पुढचं सगळं वाचताना हेही लक्षात ठेव.

मग ते मोजमाप आलं. संचालकांनी आपल्याला बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी मूल्यांकनाची समिती येणार, विद्यापीठाच्या या परिसराचा कार्बन किती ते काढून द्या. कार्यालयातल्या बडे बाबूंना वाटलं की त्याचं काही यंत्र असतं, आणि त्यांनी तीन कोटेशन मागवायची तयारीही केली. त्यांची समजूत घालता घालता तुला हसू आवरेना. यंत्र नसतं बाबूजी, म्हणालीस, बिलं लागतात. विजेची बिलं, जनरेटरचं डिझेल, वसतिगृहाच्या खाणावळीचे सिलिंडर, रोज येणाऱ्या गाड्या किती आणि किती दुरून. ज्याला त्याला ठरलेल्या आकड्यानं गुणायचं आणि झाडं जेवढं शोषतात तेवढं त्यातून वजा करायचं. बाबूजी म्हणाले, मग ते तर कोणीही करेल. तू म्हणालीस, कोणीही करेल, पण करत नाही.

किती मजेचे दिवस होते ते. आठवडाभर सकाळी गेटवर उभ्या राहून आपण गाड्या मोजल्या. आसगावची तीन पोरं एकाच मोटारसायकलवर यायची. आपल्या हातात वही पाहून त्यांना आपण पोलिसांसाठी लिहितोय असं वाटलं, म्हणून दोघं वळणावरच उतरून चालत येऊ लागले. मी त्यांना पायी येणाऱ्यांत धरलं. तू त्यांच्या शर्टाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, एवढ्या दुरून पायी आले तर घाम काहून नाही आला? पोरं लाजली. तू मला खोडायला लावलंस. झाडांचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा असतो, त्यावरून आपली जुंपली, कारण मी बुटकी. तुह्या उंचीनं मोजलं तर सारी झाडं जाडीच निघतील, खाली बुंधा जाड रायते, असं म्हणून तू एका बांबूवर खूण केलीस. मग मोह, आंबा, ऐन, साग, सगळ्यांना तो बांबू टेकवून शिंप्याची टेप गुंडाळत आपण फिरलो. एक आकडा चुकला तर तू अख्खी ओळ पुन्हा मोजायला लावायचीस. मी तुला खवट मास्तरीण म्हणायचे.

आणि हद्द. कशाचा हिशेब धरायचा, कशाचा नाही, याची हद्द आधी आखावी लागते. वर्गात हे शिकवताना तू नेहमी आपल्या जिल्ह्याचं उदाहरण द्यायचीस. जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, आणि एका दिवसात भंडाऱ्याचं जंगल कमी झालं. झाड एकही तुटलं नाही, फक्त कागदावर रेघ ओढली. म्हणून पोरांनो, कोणी आकडा सांगितला की आधी रेघ कुठे आहे ते विचारा. पोरं हे वाक्य परीक्षेत लिहायची. आपली रेघ तू सरळ ठेवलीस. कुंपणाच्या आत जे जे आहे ते सगळं, आणि कुंपणात रोज येणारी प्रत्येक गाडी. मागच्या अंगाला शेती विभागाच्या धानाच्या बांध्या आहेत, त्याही आतच.

त्या बांध्यांसाठी तू माझ्या घरी आली होतीस. बांधीत पाणी किती दिवस साचून राहतं ते तुला बाबांना विचारायचं होतं. साचलेल्या पाण्याखाली चिखलात मिथेन तयार होतो आणि तो धुरापेक्षा वाईट, हे तू त्यांना समजावलंस. बाबा बांधावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, माह्या आज्यानं येथीच धान लावला. आता तू आमच्या धानावर गुन्हा दाखल कराले आली काय?" तू चप्पल काढून बांधीत उतरलीस, चिखलात पाय रोवलास, आणि वर आलेले बुडबुडे त्यांना दाखवलेस. बाबा वाकून पाहू लागले. म्हणाले, हे तर रोजच पाहतो, पण हे काय आहे ते कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून ते तुला बुडबुडेवाली म्हणतात. तू गेल्याचं मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी तेच विचारलं, कोण, ती बुडबुडेवाली?

आता शकुनबाईवर येते. यायचं नव्हतं, पण सगळं तिथेच आहे.

ग्रंथालयाच्या मागे आंब्याखाली तिची चूल. चहा, तर्री-पोहे, पावसाळ्यात भजे. जळण म्हणजे माळी छाटून टाकतात त्या वाळक्या फांद्या. आपण तिला सांगितलं की आठवडाभर सकाळी दिवसाचं लाकूड वेगळं रचून ठेव, आम्ही काट्यावर तोलू. ती घाबरली. पदरानं हात पुसत माझ्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम, हे लिहून कायले नेऊन राहिल्या? माही चूल तर बंद नाही न होणार?" मी म्हटलं, नाही हो. तू पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "आमच्यावर भरवसा ठेव, शकुनबाई. हे कोणाले पकडासाठी नाही." हे तुझे शब्द आहेत. मी एकही बदललेला नाही.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी तुला शंका आली. लाकूड ढीगभर आणि राख मूठभर. तू चुलीशी बसून राख काडीनं उकरलीस आणि शकुनबाईकडे नुसतं पाहिलंस. तिनं लगेच कबूल केलं. नवरा रोज घरून सायकलवर लाकूड आणत होता आणि ती ते ढिगात मिसळत होती. का, तर तिच्या माहेरी जंगलखात्याचे लोक असंच लिहून न्यायचे, घराला जळण किती लागतं ते. जेवढं लिहिलं तेवढ्याचा निस्तार मिळायचा, म्हणजे जंगलातून तेवढं लाकूड आणायचा हक्क. तिला वाटलं, आपणही तिचा निस्तार ठरवायला आलो आहोत. कमी दाखवलं तर पुढे कमी मिळेल. तू हसून हसून डोळे पुसलेस. तीही हसली, तिनं आपल्याला फुकट भजे दिले. मग तू मला तो सगळा आठवडा वहीत आडव्या रेघांनी खोडायला लावलास आणि पुढचा आठवडा नव्यानं तोलायला लावलास. खरं वजन निम्म्याहून कमी निघालं. त्यातही तू म्हणालीस की झाडाचं लाकूड जळून गेलेलं झाडंच पुन्हा शोषून घेतात, म्हणून हा धूर वेगळ्या रकान्यात लिहायचा, डिझेलमध्ये मिसळायचा नाही. मी तसंच लिहिलं.

बेरीज झाली तेव्हा चित्र वाईट होतं. सर्वांत वर गाड्या, मग वीज, मग मागच्या बांध्या, मग जनरेटर. झाडांनी शोषलेलं वजा करूनही खूप उरत होतं. शकुनबाईची चूल शेवटच्या ओळीत होती, तीही वेगळ्या रकान्यात. संचालकांनी कागद पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. असं कसं पाठवायचं, एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी निघायच्या घाईत, तू शेवटचं पान पुढे केलंस. वरची पानं अजून टाइप व्हायची होती. म्हणालीस, सही करून जा, नाही तर गाडी चुकेल. मी केली. तुझ्या हातातलं पान वाचून सही करायची मला सवयच नव्हती.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं ऐक. समिती येऊन गेली, चांगला शेरा मिळाला. गेटवर ‘कार्बनमुक्त परिसर’ अशी हिरवी पाटी लागली. तुझा सत्कार झाला, तू मला ओढून फोटोत उभं केलंस. मी आनंदात होते. मला वाटलं, तू काहीतरी मार्ग काढला असशील. काय मार्ग, ते विचारावंसं वाटलं नाही. हा माझा दोष. मग एका सोमवारी ग्रंथालयामागे चूल नव्हती. आंब्याखाली राखेचा काळा गोल तेवढा उरला होता. उपाहारगृहाचा ठेका दुसऱ्याला गेला, गॅस आणि चहाचं यंत्र आलं. दुपारी शकुनबाई विभागाच्या दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "मॅडम, म्या तवा लाकूड जास्त दाखवलं, त्याच्यानंच झालं काय हे?" मी म्हटलं, छे हो, तसं काही नाही, ते तर आम्ही खोडलं होतं. ती निघून गेली. आणि मग मी पहिल्यांदा आपला अहवाल वाचला, स्वतःची सही असलेला.

हद्द तू बदलली होतीस. फक्त मुख्य इमारती. धानाच्या बांध्या हद्दीबाहेर. गाड्या हद्दीबाहेर, कारण त्या परिसराच्या मालकीच्या नाहीत. जनरेटर आणीबाणीची सोय म्हणून वगळला. आणि शकुनबाईचं लाकूड आत. तेही आपण खोडलेल्या आठवड्याचं, नवऱ्यानं सायकलवर आणलेल्या लाकडासकट, आणि वेगळ्या रकान्यात नाही, मुख्य बेरजेत. त्याखाली शिफारस की लाकडाची चूल बंद करावी. चूल बंद झाली म्हणजे तेवढा कार्बन घटला, उरलेला विजेचा, तो झाडांनी शोषला, खाली शून्य. आणि त्या शून्याखाली तुझी सही, माझी सही. ही चूक एखाद्या अडाण्यानं केली असती तर मी समजून घेतलं असतं. पण कोणता आकडा कुठे हलवायचा हे ज्याला नेमकं कळतं, त्यानंच हे केलं होतं.

मी प्रयोगशाळेत आले तेव्हा तू बीकर धूत होतीस. मी अहवाल टेबलावर आपटला. तू नळ बंद केला नाहीस.

"आकडा म्या एकबी खोटा लिहिला नाही," तू म्हणालीस. "ते लाकूड आपण तोललंच होतं."

"तोललं न् खोडलं. तूच खोडायले लावलं."

"चार महिने गप रहा, रंजू. तुह्या भल्याचं आहे."

मी म्हटलं, माझी सही आहे त्याच्यावर. तेव्हा तू वळलीस. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणालीस, "तुह्या पोरीच्या वेळी दोन महिने तुही सही मीच केली. तवा नाही दिसलं तुले खोटं?"

मी अहवाल उचलून निघून आले. उत्तर मला नंतर सुचलं, बसमध्ये, खिडकीशी. तेव्हा कोणाची चूल विझली नव्हती, प्रतिभा. हे तुला ऐकवायचं म्हणून मी दीड महिना मनात घोळवलं. कधी संतापून, कधी हळू आवाजात. रोज सकाळी तू वरठीहून स्कूटीवर यायचीस आणि माझ्या थांब्याशी वेग कमी करायचीस, नेहमीसारखा. मी मान फिरवून बसची वाट पाहत उभी राहायचे. सुरुवातीला तू क्षणभर थांबायचीस. मग नुसता वेग कमी करायचीस. शेवटच्या आठवड्यात तू तेही सोडलंस, आणि तुझ्या मागच्या रिकाम्या सीटकडे मी वळणापर्यंत पाहत राहायचे.

पुण्यानुमोदनाला मी वरठीला आले होते. वंदना झाली, जेवणं झाली, आणि दिलीप भाऊजी मला मागच्या अंगणात घेऊन गेले. तुझ्या नवऱ्याला मी इतकं खचलेलं पाहीन असं वाटलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. चार महिन्यांनी विभागात एक कायम जागा निघणार होती. शेरा चांगला आला तर त्या जागेसाठी माझं नाव पुढे करतो, असं संचालक तुला म्हणाले होते. तू घरी येऊन दोन दिवस जेवली नाहीस, तिसऱ्या दिवशी अहवाल बदललास. भाऊजी म्हणाले होते, रंजनाताईंना विचार तरी. "ती म्हणे, रंजूले विचारलं तर ती नाही म्हणेल," भाऊजींनी सांगितलं, आणि ते रडायला लागले. मीही रडले. लोकांना वाटलं, दोघं तुझ्या आठवणीनं रडताहेत. तेही खरंच होतं.

हे ऐकून माझा राग जायला हवा होता ना? कथांमध्ये जातो. माझा वाढला. तू तुझ्या बढतीसाठी केलं असतंस तर मी तुला दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. तू माझ्यासाठी केलंस, म्हणजे शकुनबाईच्या चुलीवर पाणी माझ्या नावानं पडलं. मला न विचारता तू मला त्यात घेतलंस. जन्मभर माझा चहा तू सांगितलास, तो मी प्याले. हा प्यायचा नव्हता मला.

आणि आता सर्वांत खोल टोचणारं लिहिते. मी नाही म्हटलं असतं, असं तू ठरवलंस. माझ्याबद्दल तुझं केवढं चांगलं मत. पण मला स्वतःला ते माहीत नाही. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात काम संपलेलं, पोरगी मोठी होतेय, आणि समोर कायम जागा. कदाचित मी हो म्हटलं असतं. कदाचित एक रात्र तळमळून नाही म्हटलं असतं. मी कोण आहे हे कळायची ती एक वेळ होती, आणि ती तू माझ्या हातून घेतलीस. मी तुला माफ केलं असं शेवटी लिहावं, हे लोकांना आवडेल. मी केलेलं नाही.

मागच्या सोमवारी संचालकांनी बोलावलं. तुझा कार्यभार सध्या माझ्याकडे देत आहेत. जागा भरायची वेळ आली की बघू, म्हणाले, आणि हसले. गेटवरच्या हिरव्या पाटीवर तुझं नाव टाकायचं ठरलंय. यंदाचा अहवाल मी द्यायचा, मागच्यासारखाच, फक्त तारीख बदलून. मी विचार करते म्हटलं आणि सरळ शकुनबाईच्या शोधात निघाले.

ती पलीकडच्या शेतात रोवणीला जात होती. मजुरीनं. गुडघाभर चिखलात, बायांच्या रांगेत. मी बांधावर उभी राहून हाक मारली, तशी ती हातातली रोपं तशीच धरून आली. मी तिला सांगितलं की तुमच्या लाकडामुळे झालं नाही, तुमची काहीच चूक नव्हती. तिनं विचारलं, "मंग कोनामुळं झालं?"

प्रतिभा, तुझ्या मयतीला ही बाई वरठीपर्यंत आली होती. तुझ्या पायांशी डोकं टेकून रडली होती. मला खोटं बोलता आलं असतं. समिती म्हणाले असते, नियम म्हणाले असते. मी तुझं नाव घेतलं. सगळं सांगितलं, खोडलेला आठवडा, बदललेली हद्द, कायम जागा, माझी सही. तुझ्यामागे, तू उत्तर देऊ शकत नसताना. मीही तुझा विश्वासघात केला असं तू म्हणशील. म्हण.

शकुनबाईनं हातातल्या रोपांचा चिखल झटकला. मग म्हणाली, "तुमाले हे कधी समजलं?" मी म्हटलं, तुम्ही दारात आल्या होत्या, त्याच दिवशी. ती म्हणाली, "मंग त्या जित्या होत्या तवा काहून नाही सांगितलं? म्या त्याहिलेच विचारलं असतं." आणि ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

तिचं खरं आहे. दीड महिना मी काय केलं? तुझ्या स्कूटीवर बसले नाही, एवढंच. तेवढ्यात मला वाटत होतं की मी फार मोठी निष्ठा पाळतेय. अहवाल खोटा आहे हे मी कोणालाच सांगितलं नाही, कारण तू ‘तुह्या भल्याचं’ म्हणालीस तेव्हापासून मनात कुठेतरी मीही ते चार महिने मोजत होते. तुला माहीत नसेल, पण तू सांगितलंस तसंच मी केलं. गप राहिले.

परवा मी वही काढली आणि अहवाल नव्यानं लिहिला. कुंपणाच्या आतलं सगळं. गाड्या, वीज, बांध्या, जनरेटर. शकुनबाईचं दुसऱ्या आठवड्याचं खरं वजन, वेगळ्या रकान्यात. मागचा अहवाल चुकीचा होता आणि त्यावरची माझी सही मी परत घेते, हेही वर लिहिलं. मोजणी करणाऱ्यांत तुझं नाव पहिलं ठेवलं, कारण मोजताना तू एकही आकडा सोडला नव्हतास. सह्यांच्या जागी मात्र माझी एकटीची.

आज सकाळी तो संचालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि उरलेली न वाचता परत माझ्याकडे सरकवली. म्हणाले, विचार करा मॅडम, जागेचं माझ्या हातात आहे. मी म्हटलं, झाला विचार. पानं पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली, पोच मागितली आणि मिळेपर्यंत उभी राहिले. शकुनबाईची चूल याच्यानं पुन्हा पेटेल की नाही, सांगता येत नाही. माझं काम बहुतेक या पावसाळ्यात मिळणार नाही.

हे ऐकून तू चवताळली असतीस. एवढं करून ठेवलं तुह्यासाठी न् तू मातीत घातलं, म्हणाली असतीस. मग मी ते बसमध्ये सुचलेलं उत्तर दिलं असतं, तू त्याला तोडीस तोड दिलं असतंस, आणि आपण दोघी रडेपर्यंत भांडलो असतो. ते उत्तर अजून माझ्याजवळच आहे. ऐकायला तरी थांबायचं होतंस.